उशाशी उभं राहायचा कागद

माझी आई गेल्या दिवाळीपासून दर रविवारी दुपारी मरत होती. जेवण झालं, भांडी पालथी पडली, की ती पलंगावर उताणी निजायची, पांढरी चादर गळ्यापर्यंत ओढायची, हात छातीवर जुळवायची आणि डोळे मिटून म्हणायची, "हं. कर सुरू."

मी उशाशी उभा राहून दफनविधीचं पुस्तक उघडायचो. पहिलं पान नीट जायचं. दुसरंही जायचं. तिसऱ्या पानावर ते मातीचं वाक्य येतं, म्हणजे जे म्हणता म्हणता मूठभर माती टाकायची असते. तिथं माझा आवाज जो जायचा तो जायचाच. आई एक डोळा उघडायची.

"पुन्हा म्हन."

तीनतीनदा, चारचारदा. एकदा शेजारच्या सुलतानबी मेथीची जुडी घेऊन आल्या, दारातून चादर पाहिली आणि त्यांनी जो हंबरडा फोडला त्याने गल्ली गोळा झाली. आई उठून बसली आणि म्हणाली, "चुप वं. माह्या मातीची प्रॅक्टिस हाय." त्यानंतर सुलतानबी दर रविवारी वेळेवर येऊन खुर्चीत बसायला लागल्या. वर पुन्हा मत द्यायच्या. "आवाज बारीक है बेटा. पीछेवाले को क्या समझेगा?"

हे वेड आईच्या डोक्यात शिरलं ते बाबा गेले तेव्हा. आमची रिसोडची ख्रिस्ती मंडळी म्हणजे एकूण सात घरं. पाळकसाहेब अकोल्याला राहतात आणि अशा नऊ गावांना पुरतात, म्हणजे पुरत नाहीत. बाबांच्या दिवशी त्यांची गाडी वाटेत बंद पडली, तेव्हा त्यांनी फोनवरूनच विधी करायचं ठरवलं. पंचमामांनी, म्हणजे आमच्या मंडळीच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या पंचांनी, फोन स्पीकरवर टाकून खड्ड्याच्या काठावर धरला. सगळं ठीक चाललं होतं. मातीच्या वाक्यापाशी नेटवर्क गेलं आणि एका बाईने फार गोड आवाजात सांगितलं की आपण ज्यांच्याशी संपर्क साधू इच्छिता ती व्यक्ती संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे. आम्ही सगळे खड्ड्यात बघत उभे.

आईने तिथंच मला विचारलं, "तुले वाचता येत नाही का?" पुस्तक माझ्याच हातात होतं. मी तोंड उघडलं, पण काही निघालं नाही. शेवटी बाबांवर कोणी काही न म्हणताच माती लोटली. मी एका अनुदानित हायस्कूलचा वरिष्ठ लिपिक. बावीस वर्षं माझ्या टेबलाला हात न लावता एकही पोरगं शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गेलेलं नाही. असा माणूस, आणि स्वतःच्या बापाच्या वेळी मुका. घरी आल्यावर आई म्हणाली, "मले फोनवरून नोको पुरू, बापू. तू म्हन." आणि मी हो म्हणून बसलो.

यात एक अडचण होती. आमच्या मंडळीत मयताच्या उशाशी कोणीही उभं राहत नाही, कागद असलेला माणूसच उभा राहतो. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण पंचमामांना पाठ आहे. "प्रशिक्षनाचा कागद आन," ते म्हणाले, "मंग खुशाल म्हन." फेब्रुवारीत मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर जाहिरात आली: सेवकांसाठी तीस दिवसांचे सखोल निवासी प्रशिक्षण, वाशीमजवळ, एप्रिल-मे, प्रमाणपत्र मिळेल. पंचमामांनी चष्मा वर करून फोन नाकाला लावला. "हाच तो कागद," म्हणाले. जाहिरातीखाली एक फोटो होता. त्यात काही पोरंपोरी मातीतून रांगत होती. मला वाटलं, संस्थेची शेती असेल.

फॉर्मवर किमान वय अठरा लिहिलं होतं. कमाल वय लिहिलंच नव्हतं, कारण सत्तेचाळीस वर्षांचा रक्तदाबवाला माणूस अर्ज करील हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसणार.

रजेपासून सुरुवात झाली. मुख्याध्यापकांनी अर्ज वाचला. "कारण: आईच्या दफनविधीची तयारी. अरेरे! केव्हा गेल्या?"

"गेली नाही सर. आहे."

"सीरियस आहेत?"

"नाही. सकाळी पापड लाटत होती."

त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला. कारण बदलून 'खाजगी काम' लिहायला लावलं. मग चारित्र्याचा दाखला. पोलीस ठाण्यातल्या हवालदाराने फॉर्मवर मिशनचं नाव पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. "कोनाले बाटवाले चालले?"

"कोणालाच नाही साहेब. आईला पुरायचं शिकायला चाललो."

"माय वारली?"

"जिवंत आहे."

हवालदाराने पेन पुन्हा उचललं. पुढचा पाऊण तास कसा गेला ते मी सांगणार नाही. शेवटी आई स्वतः रिक्षातून आली, बाकड्यावर बसली आणि आपल्याला आपल्या मर्जीने पुरलं जाणार असल्याचा जबाब तिने अंगठ्यासकट दिला. डॉक्टरांनी 'धावण्यास सक्षम' या ओळीसमोर सही करताना मला दोनदा विचारलं की यातून काही झालं तर त्यांचं नाव येणार नाही ना.

सल्ल्यांना तोटा नव्हता. बायको म्हणाली, गोळ्या न्या. पंचमामा म्हणाले, कोट न्या. सुलतानबींचा मुलगा फय्याज, त्याचं बसस्टँडजवळ चपला-बुटांचं दुकान आहे, त्याने स्वतः पांढरे बूट आणून माझ्या पायात घातले. "थोडे टाईट हाय साहेब, पन चालून चालून ढिल्ले होते." मंडळीने हार घातला, फोटो काढला. आईने एवढंच विचारलं, "तीस दिवसात येते का वाक्य?" मी म्हटलं, त्याच्यासाठीच तर आहे ते.

वाशीमच्या अलीकडे माळावर एका जुन्या मिशनची पत्र्याची चार छपरं होती. दारात पिळदार मिशांचा एक माणूस शिट्टी गळ्यात घालून उभा. हेमसिंग सर. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त. त्यांनी हात जोडले. "या या. मुलाला सोडायला आलात?"

"नाही, मीच."

"तुम्ही कोणाचे वडील?"

"कोणाचाच... म्हणजे आहे. पण इथं मीच आलोय."

मागे वीस-बावीस वर्षांची सव्वीस पोरंपोरी सतरंज्या घेऊन उभी होती, ती सगळी माझ्याकडे पाहत होती. मी कोट घातलेला, एप्रिलच्या उन्हात. हेमसिंग सरांनी फॉर्म उलटासुलटा करून कमाल वय शोधलं. सापडलं नाही. फौजी माणूस, नियमाबाहेर जाईना. "ठीक है," ते म्हणाले, "नंबर सत्तावीस. मोबाईल इधर." मोबाईल लोखंडी कपाटात गेला. दर रविवारी पाच मिनिटं मिळणार होता.

पहाटे साडेचारला शिट्टी. पाच किलोमीटर धावणं. मग पाठांतर, मग उपास नसेल तर नाश्ता. बुटांबद्दल फय्याज म्हणाला होता तसं काहीच झालं नाही. चालून चालून पायच फुगले. तिसऱ्या दिवशी माझ्या टाचांची कातडी मोज्याबरोबर निघाली. पोरं मला आधी काका म्हणायची. हेमसिंग सरांनी ते बंद केलं, "यहाँ कोई काका नहीं," मग ती सत्तावीस म्हणायला लागली. बावीस वर्षं ज्याला तालुका साहेब म्हणतो, त्याला मेळघाटातलं एक पोरगं विचारायचं, "सत्तावीस, साबुन है?"

हे पोरगं म्हणजे बाबूलाल. माझा जोडीदार. वय बावीस, बोलणं दिवसाला दहा शब्द. आम्हाला जोडीने खड्डा खणायचा असे. लांबी सहा फूट, रुंदी अडीच, खोली चार, आणि चारही कोपरे काटकोनात. हेमसिंग सर दोरी लावून मोजायचे. दुसऱ्या दिवशी तोच खड्डा बुजवायचा आणि शेजारी नवा खणायचा. मी विचारलं, सर, याचा उपयोग? "अहंकार जाता है," ते म्हणाले. अहंकाराचं माहीत नाही, कंबर गेली. बाबूलाल आपला भाग तासाभरात उरकायचा आणि एक शब्द न बोलता माझ्या भागात उतरायचा. तो माझ्यापेक्षा चांगला माणूस आहे हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि मला ते आवडलं नाही.

पहिल्या रविवारी फोन लागला. "शिकवलं का?" आईने विचारलं.

"अजून नाही."

"मंग काय करून राह्यला?"

"खड्डे खणून राह्यलो."

आई थोडा विचार करून म्हणाली, "तेबी लागतेच."

दुसऱ्या आठवड्यात गावोगाव करायच्या नाटकाची तालीम सुरू झाली. धम्मदीपा नावाची एक चुणचुणीत मुलगी नाटक बसवत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि क्षणाचाही विचार न करता मला मेलेल्या माणसाचं काम दिलं. वयामुळे, म्हणाली. रोज दुपारी पत्र्याखाली मी अर्धा तास चादर ओढून पडायचो आणि बाकीचे माझ्यावर रडायचे. आधी मला फार अपमान वाटला. मग एके दिवशी, चादरीखाली घामाने निथळत असताना, लक्षात आलं की आतून सगळं स्वच्छ ऐकू येतं. कोण खरं रडतंय, कोण नुसतं नाक ओढतंय. आणि मला आईची आठवण आली. ती दर रविवारी इथंच पडून असायची आणि आपला मुलगा आपल्याला पोचवतो का ते ऐकत असायची. आणि मी दर रविवारी तिसऱ्या पानावर तिला सोडून द्यायचो. मला चादरीखाली रडू आलं. धम्मदीपा ओरडली, "सत्तावीस, मेलेला माणूस हलत नाही!"

त्याच संध्याकाळी मी हेमसिंग सरांना गाठलं. "सर, दफनविधी कोणत्या आठवड्यात आहे?"

"कसला?"

"मातीचा. मयतीचा विधी."

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "वो पाळक लोगों का काम है भाई. ही पोरं गावात जाऊन जित्या माणसांशी येशूबद्दल बोलणार. इथं मुर्दा नाहीच सिलॅबसमध्ये."

म्हणजे मी चौदा दिवस धावलो, चौदा खड्डे खणले, टाचा सोलून घेतल्या, हवालदाराला जबाब दिला, ते यासाठी. मी त्याच वेळी सतरंजी गुंडाळणार होतो. पण गावात हार घालून निघालेला माणूस चौदाव्या दिवशी लंगडत परत आला तर लोक काय म्हणतील? शिवाय कागद इथंच मिळणार होता, शिकवो न शिकवो. माझ्या नोकरीत हे मी हजारदा पाहिलंय. कागद असला की झालं, त्यामागे काय आहे ते कोणी उघडून बघत नाही.

रविवारी आईने विचारलं, "मातीचं वाक्य आलं?"

"आलं," मी म्हटलं.

"पुरं?"

"पुरं."

"मंग ठीक," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात इतकं समाधान होतं की पाच मिनिटांतली तीन शिल्लक असताना मी फोन ठेवला. मी माझ्या आईशी तिच्याच मातीबद्दल खोटं बोललो.

तिसऱ्या आठवड्यात आवाजाचा वर्ग होता. माळापलीकडे एक आटलेला पाझर तलाव होता. एकाने या काठावर उभं राहून पाठ म्हणायचा, जोडीदाराने त्या काठावर ऐकायचा. ऐकू आलं की हात वर. पोरांचे हात पटापट वर गेले. माझ्या वेळी बाबूलाल पलीकडे ढिम्म उभा. "गले से नहीं, पेट से!" हेमसिंग सर ओरडत होते. अकराव्यांदा बाबूलालचा हात वर गेला. परतताना मी त्याला विचारलं, "नीट ऐकू आलं ना?" त्याने मान हलवली. "नहीं आया. आप थक गये थे."

मग निघालं शेवटचं प्रकरण, पाठवणी. दोघादोघांना तीन दिवस एका गावात सोडायचं. खिशात पैसा नाही, हातात पिशवी नाही, फोन नाही. आणि मागायचं नाही. कोणी आपणहून दिलं तर खायचं, नाहीतर प्रार्थना करायची. चिठ्ठ्या टाकल्या. आम्हाला आलं किन्हीराजा. बाविसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, जीपने आम्हाला फाट्यावर उतरवलं आणि जीप गेली.

गावात एका ओसरीवर सावली पाहून आम्ही उभे राहिलो. घरधनी बाहेर आला.

"काय पायजे?"

"काही नाही."

"मंग काहून उभे हा?"

मागायचं नव्हतं, खोटं बोलायचं नव्हतं. मी म्हटलं, "सहज." त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग तो पायरीवरून खाली उतरला आणि त्याने माझ्या तोंडाजवळ तोंड आणलं.

"तुमी रिसोडच्या शाळेतले क्लार्क ना?"

गावात ओळख निघाली म्हणून मला केवढा आनंद झाला. "हो हो! आपण?"

"मारोतराव. माह्या पोराच्या दाखल्यासाठी मले पाच चकरा माराले लावल्या तुमी. शिक्का पुसट हाय म्हने. आयटीआयचं ॲडमिशन गेलं त्याचं. साल गेलं. आता पुन्याले कंपनीत पोते उचलून राह्यला."

मला तो आठवत नव्हता. हेच वाईट होतं. रोज कोणाचा तरी शिक्का पुसट असायचा. मारोतराव पायरीवर बसला, त्याने तंबाखू काढली आणि अगदी माझ्याच आवाजात, माझ्याच टेबलावरून बोलावं तसा म्हणाला, "आत्ता साहेब जागेवर नाहीत. दुपारून या."

आम्ही दुपारी गेलो. दुसरीकडे जायची सोय नव्हती. तीन घरांनी आम्ही कशासाठी आलो ते विचारून दार लावून घेतलं होतं. मारोतराव म्हणाला, "अर्ज आनला का?" संध्याकाळी गेलो. "उद्या या." आतून त्याची बायको रुख्मिणी म्हणत होती, "अवं, तोंड सुकले त्याईचे, काहून असं करता?" आम्ही मारुतीच्या पारावर झोपलो. बाबूलालने कुठूनतरी दोन कैऱ्या आणल्या होत्या. पडलेल्या होत्या, म्हणाला, मागितल्या नाहीत. सकाळी चौथी खेप. "शिक्का पुसट हाय तुमचा." दहा वाजता पाचवी. मला, खरं सांगतो, राग येत नव्हता. मला फक्त बसायचं होतं.

मारोतरावाने आमच्याकडे पाहिलं, बोटं मोजली. "झाल्या पाच. या आता, हात धुवा."

रुख्मिणीबाईंनी भाकरी, वरण आणि ठेचा वाढला. मी घास मोडला, आणि दारात मोटरसायकल थांबली. फय्याज. तोंडाला फडकं, अंगभर धूळ. तो काल संध्याकाळपासून फोन करत होता. सगळे फोन लोखंडी कपाटात वाजत होते. सकाळी तो स्वतः माळावर गेला आणि हेमसिंग सरांनी त्याला इकडे पाठवलं.

"साहेब, चला," तो म्हणाला.

"आई?"

त्याने मान खाली घातली. "काल दुपारून."

"पडली? काय झालं?"

"काहीच नाही साहेब. जेवन केलं. पलंगावर गेली, चादर घेतली, हात जुळवले. अम्मी खुर्चीत बसेल होती. तिले वाटलं, प्रॅक्टिस हाय. म्हने, बेटा तो नहीं, आज किसको सुनाओगी? वीस-पंचवीस मिनिटं बसून राह्यली ती, साहेब. लय रडून राह्यली कालपासून. म्हनते, मले कसं समजलं नाही."

मी तो घास ताटात ठेवला. बाबूलालने दोन्ही भाकरी फडक्यात बांधल्या. मारोतराव आत गेला तो मोटरसायकलची किल्ली घेऊनच बाहेर आला. "ह्याले मी घेतो," बाबूलालकडे बोट करून म्हणाला. "तुमी त्याच्या मांगं बसा."

घरी अंगणात लोक जमले होते. आईला बर्फावर ठेवलं होतं आणि बायको पंख्याची दिशा बदलत होती. सुलतानबींनी मला पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. पंचमामा फोन कानाला लावून ओट्यावर बसले होते. पाळकसाहेबांना अकोल्यात लग्न लावायचं होतं. मे महिना. "साहेब म्हनतात स्पीकरवर घ्या," पंचमामा म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "मी म्हणतो."

पंचमामांनी फोन खाली केला. त्यांना वाईट वाटत होतं, हे दिसत होतं, पण नियम तो नियम. "कागद आनला?"

"आठ दिवस बाकी होते."

"मंग कसं बापू? कागद नसला तर..." ते माझ्याकडे बघायचं टाळत होते. मला ते तोंड ओळखीचं होतं. टेबलामागचं तोंड असतं ते. बावीस वर्षं ते माझं होतं. मी उन्हात उभा होतो, मळक्या बुटात, आणि चक्कर मारायलाही वेळ उरला नव्हता.

मागून मारोतराव पुढे आला. त्याला इथं कोणीच ओळखत नव्हतं. "मामा," तो म्हणाला, "कागदाच्या पायी माह्या पोराचं साल गेलं. ह्याच मानसानं घालवलं. मी त्याचं भलं कायले बोलू? पन बुढीनं काही केलं नाही ना. बुढीले कायले थांबवता?"

पंचमामांनी कोटाच्या आतल्या खिशातून पुस्तक काढलं आणि माझ्या हातात दिलं. फोन बंद केला.

दफनभूमीत दुसराच घोळ. दोन मजूर सकाळपासून खणत होते आणि खड्डा गुडघ्याएवढा. खाली मुरूम लागला, टिकावाचा दांडा मोडला, मजूर चहाला गेले ते परत आले नव्हते. मी कोणाला काही न विचारता बूट काढले आणि आत उतरलो. दुसऱ्या टोकाला बाबूलाल उतरला. लोक म्हणाले, पोरानं खणू नये, बरं दिसत नाही. पण फय्याजने कुठूनतरी कुदळ आणून दिली. आम्ही खणत राहिलो. खोली झाल्यावर मी कोपरे करायला लागलो. पंचमामा वरून म्हणाले, "बापू, बस कर, पुरे." नाही, म्हटलं, कोपरा सरळ पाहिजे. बाबूलालने कमरेची दोरी सोडली आणि दुसरं टोक धरलं. आम्ही चारही कोपरे मोजले. आई त्यात नीट मावली.

मी उशाशी उभा राहिलो. हाताला माती होती, पुस्तकाला लागली. बाबूलाल पार मागे, फाटकाजवळ जाऊन उभा होता. पहिलं पान गेलं. दुसरं गेलं. तिसरं पान उलटताना मला वाटलं, आतून सगळं ऐकू येतं. मी पोटातून म्हटलं. मातीचं वाक्य पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, एकदाही न अडखळता, इतक्या मोठ्याने की रस्त्यावरचा एक रिक्षावाला थांबला. मूठ उघडली. फाटकाजवळ बाबूलालचा हात वर गेला, आणि या खेपेला त्याला ऐकू आलं होतं.

जमलं. आयुष्यात पहिल्यांदा जमलं. पुढची ओळ वाचायची होती. पंचमामा वाट बघत होते, सगळेच वाट बघत होते. पण माझी नजर त्या पांढऱ्या चादरीवर होती. सवयीने मी थांबलो होतो, ती एक डोळा उघडेल म्हणून.

थोडा वेळ गेला. मग मी वाकून पुन्हा एक मूठ माती घेतली आणि ते वाक्य पुन्हा म्हणायला सुरुवात केली. ते अर्ध्यात तुटलं. आवाज गेला तो आलाच नाही, आणि मला पुन्हा म्हन असं कोणी म्हटलं नाही.